छत उघडे, रात्र गार: प्रीकास्ट कार्यालयांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): आमच्या तीन मजली कार्यालयासाठी वास्तुविशारद प्रीकास्ट काँक्रीटचा (म्हणजे कारखान्यात साच्यात ओतून जागेवर आणून जोडलेल्या भागांचा) सांगाडा आणि नैसर्गिक वायुवीजन सुचवतात. त्यामुळे एसीची गरज खरोखर कमी होते का?

उत्तर: होते, मात्र त्यासाठी काँक्रीट खोलीतल्या हवेला उघडे असावे लागते आणि दिवसभरात त्याने शोषलेली उष्णता रात्रीच्या वाऱ्याने बाहेर काढावी लागते. दिवस-रात्रीच्या एका फेऱ्यात स्लॅबचा खालचा सुमारे १०० मिलिमीटरचा थरच उपयोगी पडतो. एका चौरस मीटरला या थराचे वजन अंदाजे २४० किलो भरते आणि त्याचे तापमान ४ अंशांनी वाढेपर्यंत तो जवळजवळ पाव युनिट उष्णता सामावून घेतो, म्हणजे आठ तासांच्या कामाच्या दिवसात दर चौरस मीटरला साधारण ३० वॅट. माणसे आणि संगणक यांच्या उष्णतेचा मोठा भाग एवढ्यात निभावतो, पण खिडकीतून येणारे ऊन निभावत नाही. ते काचेच्या बाहेरच अडवावे लागते. पुण्यात मार्चमध्ये दिवस आणि रात्र यांच्या तापमानात १५ अंशांहून अधिक फरक असतो, त्यामुळे रात्री स्लॅब चांगला निवतो. त्याच स्लॅबखाली फॉल्स सिलिंग लावले, तर हवा आणि काँक्रीट यांचा संबंधच तुटतो. आराखड्यात सिलिंग दाखवले असेल, तर ते आजच काढायला सांगा.

प्रश्न (नाशिक): हेच काम जागेवर ओतलेल्या काँक्रीटनेही होईल. मग प्रीकास्ट कशासाठी?

उत्तर: उष्णता साठवण्याच्या बाबतीत दोहोंत फरक नाही. फरक आहे तो पृष्ठभागात आणि आकारात. छत उघडे ठेवायचे म्हटले की शटरिंगचे (काँक्रीट ओतण्याच्या तात्पुरत्या साच्याचे) सांधे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके, प्लास्टरची ठिगळे हे सारे डोक्यावर दिसत राहते. कारखान्यातल्या पोलादी साच्यातून निघालेला भाग मात्र प्लास्टरविना शोभतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९९०च्या दशकात वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांनी उभारलेल्या प्राप्तिकर कार्यालयांत कमानदार प्रीकास्ट छते उघडीच ठेवली आहेत, आणि गरम हवा काचेच्या विटांच्या जिन्याच्या मनोऱ्यांतून वर निघून जाते. मेलबर्नच्या ‘काउन्सिल हाउस २’ या २००६ सालच्या इमारतीत छत लाटांसारखे आहे. सपाट छतापेक्षा त्याचा अधिक पृष्ठभाग हवेला लागतो आणि रात्री खिडक्या उघडून ते गार केले जाते. असे आकार जागेवर ओतणे खर्चिक पडते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: वायरिंगचे पाइप, दिव्यांच्या जागा, पाण्याच्या वाटा हे सारे साचा भरण्याआधी ठरले पाहिजे, कारण नंतर छिन्नी चालवता येत नाही.

प्रश्न (मुंबई): आमच्याकडे हे चालेल का?

उत्तर: पावसाळ्यात रात्रही दमट आणि उबदार असते, त्यामुळे स्लॅब निवतच नाही. तेथे समोरासमोरच्या खिडक्या, अरुंद मजले आणि पंखे यांवर भर द्यावा. मजल्याची रुंदी छताच्या उंचीच्या पाचपटीहून अधिक नको. हिवाळ्यात उघड्या छताचा थोडाफार लाभ मिळेल, वर्षभराचा भरवसा धरू नये.

प्रश्न (लातूर): १९९३चा भूकंप आम्ही पाहिला आहे. तुकडे जोडून उभारलेल्या सांगाड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक भिंत निखळताच इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. ती प्रीकास्ट भिंतींची इमारत होती, तरी धडा सांगाड्यालाही लागू आहे: भागांची मजबुती पुरेशी नसते, सांध्यातून बल वाहिले पाहिजे. म्हणून सांध्यात दोन्ही बाजूंच्या सळ्या एकमेकींत गुंतवून वर काँक्रीट ओतलेले असावे आणि स्लॅबवर सळ्यांच्या जाळीसह सलग थर असावा. अभियंत्याकडे सांध्यांची स्वतंत्र रेखाचित्रे मागा आणि ग्राउट (सांध्यात भरायचा पातळ सिमेंटचा मसाला) भरताना तो स्वतः हजर राहील, हे करारात लिहून घ्या.