भंगारात देण्याआधी : जुन्या लॅपटॉपची प्रश्नोत्तरे

प्रश्न : २०१४ साली घेतलेला लॅपटॉप आहे. बटण दाबून मी चहा टाकते. चहा पिऊन कप विसळून झाला तरी पडद्यावर गोल गोल फिरतंच असतं. मुलगा म्हणतो, ‘आई, भंगारात देऊन टाक.’ देऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इतक्यात नको. लॅपटॉप एकदाचा सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘डिस्क’च्या रकान्याकडे बघा. तुम्ही काहीही उघडलेलं नसताना तो आकडा पाच-दहा मिनिटं शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल, तर दुखणं बहुधा हार्ड डिस्कचं आहे. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारा काटा इकडून तिकडे पळत असतो. विंडोजला सुरू होताना शेकडो बारीक फाइली लागतात, त्या तबकडीवर सगळीकडे विखुरलेल्या. काटा तरी किती पळणार?

तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, बसवून घ्या. २५६ जीबी घरगुती वापराला पुरते. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. ‘क्लीनर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं तर मुळीच टाकू नका, ती स्वतःच ओझं होतात.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, चार जीबी असेल तर आठ करा. मात्र दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. त्या सुमारास डीडीआर३ आणि डीडीआर३एल अशा दोन जाती बाजारात होत्या, एक १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ची. दिसायला जुळ्या बहिणी. ‘एल’च मागणाऱ्या मशीनमध्ये साधी घातली की पडदा काळाच राहू शकतो, आणि मग कोणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगून मोकळं होतं. मी स्वतः एकदा या घोळात अख्खी दुपार घालवली आहे.

काढलेली डिस्क फेकू नका. केसिंगमध्ये घालून ती यूएसबीला जोडता येते. फोटो आधी उतरवून घ्या. आणि हो, मदरबोर्ड खरंच गेला असेल तर मुलाचं ऐका.

प्रश्न : शाळेच्या कामासाठी लॅपटॉप वापरते. विंडोज १० बंद झालं म्हणतात, ११ माझ्या लॅपटॉपवर चढत नाही. वापरणं धोक्याचं आहे का? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबलं. प्रश्नपत्रिका टाइप करायला काही हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र मी त्यावर करणार नाही. ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे त्यात बाद होतात. आडवाटेने चढवून देणारे भेटतील. जुन्या मशीनवर तो खटाटोप मला पटत नाही.

त्यापेक्षा विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली बघा. फुकट आहे. आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर तयार करून, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता आधी चालवून पाहता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, शाळेचा प्रिंटर ओळखतो का, हे तिथेच तपासा. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो, बालभारतीच्या पीडीएफ उघडतात. टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं काही लागत असेल तर मात्र हा नाद करू नका.

प्रश्न : टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही. टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो. (चिपळूण)

उत्तर : टचपॅड विसरा, खालची बॅटरी फुगली आहे. आत्ता बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. लिथियमची बॅटरी पेट घेते. जाणकाराकडून काढून घ्या आणि ती घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : वडिलांचे वीस वर्षांपूर्वीचे लेख जुन्या लॅपटॉपवर नीट दिसतात. नव्यावर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइली खराब झाल्या का? (नाशिक)

उत्तर : फाइली धडधाकट आहेत. ते लेख श्री-लिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीने टाइप झालेले असणार. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजीचा एखादा कोड असतो आणि त्यावर फॉन्ट ‘क’चं चित्र चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो.

म्हणून आधी जुन्या मशीनवर प्रत्येक लेखाची पीडीएफ करा. ती कुठेही तशीच दिसेल. मग वर्डमध्ये फॉन्टचं नाव बघून ठेवा आणि त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक, म्हणजे मजकूर आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-कोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, शोधा. भलत्याच फॉन्टचा लावलात तर खिचडी होते. बरोबर लावलात तरी रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्’ हमखास दगा देतात. पीडीएफ शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहा. हे उरकेपर्यंत तो जुना लॅपटॉप कोणालाही देऊ नका.

प्रश्न : रोज तारीख मागे जाते आणि कुठलीही साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते. व्हायरस? (पुणे)

उत्तर : नाही हो. आतलं घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा सेल संपलाय, बहुतेकदा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. लॅपटॉपला २०१२ साल वाटतं, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या हिशेबाने अजून जन्मलेलंच नसतं. काही लॅपटॉपमध्ये तो वायर आणि पिनसकट येतो, तेव्हा नवा घेण्याआधी जुन्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवा.