पोस्टमॉर्टममध्येही सापडणार नाही असं विष खरंच असतं का?

मालिकांमध्ये दाखवतात तसं, मागमूस न ठेवणारं विष असतं का, असं तुम्ही विचारलंय. परभणी जिल्ह्यात 30 वर्षं पोलिसात काढली, जमादार म्हणून निवृत्त झालो. माझं उत्तर सरळ आहे. विष बहुतेक वेळा सापडतं, देणारा सापडत नाही.

1998 चा पोळा नुकताच झालेला. कपाशीवर फवारण्या चालू, घरोघरी मोनोक्रोटोफॉस. जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून 22 वर्षांची सून जीपमध्ये घालून दवाखान्यात आणली. सासरचे म्हणत होते, पान लागलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंग घामानं निथळत होतं. "साप नाही, फवारणीचं औषध आहे," म्हणाले आणि त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू केलं. फवारणीचं औषध शरीरातलं एक विकर (एन्झाइम) जखडून टाकतं, मग नसांचे निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन साचत जातं, लाळ-घाम थांबत नाही, शेवटी श्वास अडकतो. पहाटे बाई गेली.

पंचनाम्याला गेलो. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "ताक पिली अन् वकायला लागली." चुलीजवळ स्टीलचा ग्लास पालथा घातलेला. उचलून पाहिला. वरवर विसळलेला, आत काठाला ताकाची पांढरी रेघ, वास तोच उग्र. मी साहेबांना म्हणालो, हा जप्त करू. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "जमादार, भांड्याचं दुकान टाकायचंय का? व्हिसेरा आहे ना."

व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टममध्ये तपासणीसाठी काढलेले अवयव, मीच नेला. एका बरणीत जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत आणि मूत्रपिंड, वर मिठाचं दाट पाणी, लाखेचं सील. एसटीत दोन्ही पायांमध्ये पिशवी धरून औरंगाबादच्या प्रयोगशाळेपर्यंत गेलो. सात महिन्यांनी अहवाल आला: मोनोक्रोटोफॉस. खटल्यात बचावाचा वकील एवढंच म्हणाला, तिनं स्वतःच घेतलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. सगळे सुटले.

सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच पुण्याच्या सायनाइडच्या खटल्यात सांगितलंय, विषाच्या खुनात चार गोष्टी लागतात: हेतू, मृत्यू विषानेच झाला हे, आरोपीजवळ विष होतं हे, आणि त्याला ते द्यायची संधी होती हे. बरणीतून यातली एकच मिळते. बाकीच्या तीन घरात, शेतात, शेजाऱ्यांच्या तोंडून गोळा कराव्या लागतात. इंग्लंडात 1833 मध्ये आजोबाला कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा खटला झाला. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाला आर्सेनिक सापडलं होतं, पण ज्युरीपुढे येईपर्यंत नमुना खराब झाला आणि नातू सुटला. मार्शनं चिडून 1836 मध्ये नवी चाचणीच काढली. पुढं आर्सेनिकवाल्यांची पंचाईत झाली, ते तर केसांत आणि नखांतसुद्धा राहतं. म्हणजे रसायनशास्त्र कधीच पुढं गेलंय, घोडं आमच्या पंचनाम्यावर अडतं.

तेव्हा घरात असं काही घडलं तर भांडी घासू देऊ नका, उलटीनं भरलेलं लुगडं धुऊ देऊ नका, आणि पंचनाम्यात एकेक वस्तू नावानिशी लिहून घ्या. पोलीस हसले तरी हटून बसा. अर्थात माणूस जिवंत असेल तर आधी दवाखाना, मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. आणि हेही सांगतो, आमच्या भागात औषध पिऊन आलेले बहुतेक स्वतःच प्यालेले असतात, प्रत्येक सासर खुनी नसतं. पण स्वतः पिणारा माणूस बाटली तोंडाला लावतो, ताकात कालवत बसत नाही, असं माझं 30 वर्षांचं मत आहे. साहेब आजही भेटले की म्हणतात, ग्लासानं काय फरक पडला असता?

त्या ग्लासावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, रुखवतातला होता तो. पंचनाम्यात लिहिलंय, "घरात इतर भांडीकुंडी."