गाडीच्या स्कॅनरवर पी०१७१ कोड आलाय. ऑक्सिजन सेन्सर बदलू का? आणि ‘पेंडिंग’ म्हणजे काय?

सेन्सर लगेच बदलू नका. पी०१७१ म्हणजे बँक १ मध्ये (१ नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक १) मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक वेळा सेन्सर खरंच सांगत असतो, आणि लोक त्यालाच काढून टाकतात.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. दोष नोंदला तेव्हाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं, शिवाय रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का, ते दाखवणारे) शून्यावर येतात.

मग इंजिन गरम करून लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. दोन्हींची बेरीज साधारण ±१० टक्क्यांत असावी. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) +२५ आणि २५०० आरपीएमला +५ दिसलं, तर हवा कुठून तरी आत शिरतेय: इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतले वायू इनटेकमध्ये नेणारा) पाइप, तडकलेला रबरी होज. उलट लोडबरोबर ट्रिम वाढत गेला तर फ्युएल प्रेशर मोजा. एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण असला तरी असंच होतं; तो त्याच्याच क्लीनरने साफ करा, कार्ब क्लीनर नको.

पेंडिंग म्हणजे दोष एका ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करेपर्यंत) दिसला. पुढच्या सायकलमध्येही दिसला की कोड कन्फर्म होतो आणि चेक इंजिन लाइट लागते. ती लाइट लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. गाडी तशीच दामटली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) जळतो.