चार वर्षं खोक्यात पडून असलेले सेकंडहँड स्टुडिओ फ्लॅश घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: पणजीत एक जण ३०० वॅट-सेकंद ताकदीचे दोन फ्लॅश हेड, स्टँड आणि सॉफ्टबॉक्ससकट (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) विकतोय. 'चार वर्षांत जेमतेम दहा वेळा वापरलेत, बाकी खोक्यातच आहेत' असं म्हणतो. घेऊ का, आणि घेताना काय बघू?

ते 'खोक्यातच आहेत' वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणून लिहायला बसलो.

फोंड्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. पासपोर्ट, शाळांचे ग्रुप, लग्नं आणि जत्रांच्या दिवसांत नाटकवाले. सहा वर्षांपूर्वी मी असेच दोन हेड घेतले, ४०० वॅट-सेकंदाचे. विकणाऱ्याने हौसेनं घेतले होते, मग नोकरी लागली आणि ते कपाटात गेले. अंगावर ओरखडा नाही, ट्यूब कोरी, खोक्यातला थर्माकोलसुद्धा शाबूत. चार-पाच वेळा उडवून, म्हणजे चमकवून, बघितले, उडाले. १६ हजार मोजले.

घरी आणल्यावर वडिलांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "शेवटचा कधी उडवलेला?" मी म्हटलं, "बाबा, नवेच आहेत." ते पुढे बोलले नाहीत. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं तरी दर सोमवारी ते आपले जुने फ्लॅश लावायचे, अर्धा तास तसेच ठेवायचे आणि दहा-बारा वेळा रिकामे उडवायचे. आम्ही पोरं हसायचो. म्हाताऱ्याला विजेचं बिल जास्त झालंय, असं मी आईला म्हणालोही होतो.

त्याच वर्षी जत्रेच्या आदल्या आठवड्यात एका गावची नाटक मंडळी आली. फ्लेक्सवर टाकायला अकरा पात्रांचा ग्रुप हवा होता, सगळे मेकअप करून, दागिने घालून. इतकी माणसं दोन रांगांत शार्प हवीत म्हणजे एफ ११ (लेन्सचं भोक बारीक, आत उजेड कमी), म्हणून दोन्ही हेड फुल्ल पॉवरवर. तिसऱ्या क्लिकनंतर डावा हेड चार्ज होता होता फुटला. सुतळी बॉम्बसारखा आवाज, पांढरा धूर, सडक्या मासळीसारखा वास आणि स्टुडिओभर काळोख, कारण एमसीबी पडला. राजाचं काम करणारा गृहस्थ मुकुटासकट थेट रस्त्यावर. समोरून येणारी बस थांबली, आतून कोणीतरी ओरडलं, "कितें जालें रे?"

फोटो शेवटी बाहेर फणसाच्या सावलीत काढले, बाजूला पांढरी चादर धरून. चांगले आले, हे कबूल करतो. पण तेव्हापासून माझा मेहुणा (तो लग्नांचे व्हिडिओ करतो) दर चवथीला जेवताना तेच ऐकवतो: "फ्लॅश मेला आता, एलईडी घे."

तर आता तुमच्या प्रश्नाकडे. फ्लॅशमधला कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) इलेक्ट्रोलिटिक जातीचा असतो. आत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच वीज अडवून धरतो. वीज मिळत राहिली की तो थर टिकतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की विरतो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिला की आतून वीज गळते, तो तापतो, वायू होतो आणि माझ्यासारखं होतं. चार-पाच वेळा उडाला म्हणजे बरा आहे, असं अजिबात नाही. म्हणून दोन हेड समोर असतील, एक खरचटलेला पण रोज पासपोर्ट काढणारा आणि एक कोरा करकरीत कपाटातला, तर मी डोळे मिटून पहिला घेईन.

तपासायला अर्धा तास मागून घ्या. न देणाऱ्याकडून घेऊ नका. कमीत कमी पॉवरवर लावून वीस मिनिटं तसाच ठेवा, मग हळूहळू वर न्या. (हे जुन्या धाटणीच्या हेडना लागू पडतं, ज्यांत पॉवर उतरवली की आतला व्होल्टेजही उतरतो. काही नव्या हेडमध्ये कॅपॅसिटर नेहमी भरलेलाच असतो आणि चमक मध्येच तोडली जाते. तिथे या युक्तीचा उपयोग नाही, डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवायचं यंत्र) असलेला जाणकार कारागीर गाठा.) मग कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१२५ सेकंद, पांढरी भिंत, फुल्ल पॉवरवर वीस फोटो. एखादा अंधारा आला किंवा चार्ज व्हायला लागणारा वेळ वाढत गेला तर नमस्कार करून निघा. नॉब फिरवताना उजेड उड्या मारतोय का बघा. सिंकच्या भोकात (कॅमेऱ्याकडून येणारी वायर लागते तिथे) हिरवट गंज बघा, आपल्या खाऱ्या हवेत तो धरतोच. सॉफ्टबॉक्सला बुरशीचा वास असेल तर त्याचे पैसे देऊ नका. फार जुना हेड असेल तर कॅमेऱ्याला थेट वायर लावू नका, सिंकवर कधी दोनशेच्या वर व्होल्ट असतात. मध्ये रेडिओ ट्रिगर (बिनवायरीने फ्लॅश उडवणारा) ठेवा.

माउंट (हेडला सॉफ्टबॉक्स अडकवायची खाच) कुठला ते विचारा. बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, पण तिचा एस-माउंट गोडॉक्ससारख्या कंपन्यांनी चालू ठेवलाय, त्यामुळे सामान कुठेही मिळतं. वेगळा माउंट असेल तर प्रत्येक छोट्या वस्तूला शोधाशोध.

आणि एलईडीबद्दल. मेहुण्यासारखा कोणी भेटलाच तर त्याला हिशोब करायला सांगा. २०० वॅटचा एलईडी १/१२५ सेकंदात १.६ ज्यूल देतो. तुमचा ३०० वॅट-सेकंदाचा हेड त्याच वेळात ३०० ज्यूल (वॅट-सेकंद म्हणजेच ज्यूल). एलईडी विजेचा उजेड जास्त चांगला करतो, म्हणून त्याला दुप्पट-तिप्पट धरा, तरी कुठे ५ आणि कुठे ३००! अकरा माणसं एफ ११ वर आयएसओ १०० ला (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद कमी ठेवून) काढायची असतील, किंवा दुपारच्या उन्हात किनाऱ्यावर नवरा-नवरीचे चेहरे उजळायचे असतील, तर तो एलईडी काय करणार? दोष फ्लॅशचा नव्हता. दोष कोऱ्या खोक्याला भुलणाऱ्या माझा होता. पण हे चवथीच्या जेवणात कोण ऐकतो?

अर्थात तुम्ही काय काढणार ते लिहिलेलं नाही. काजूची पाकिटं नि मसाल्याच्या बाटल्या ट्रायपॉडवरून काढायच्या असतील (त्या हलत नाहीत, शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं) तर एलईडीच घ्या, स्वस्तात सुटाल. आणि फ्लॅश बिघडला तर स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही कॅपॅसिटर जीव घेऊ शकतो.

मी फुटलेल्या हेडची ट्यूब आणि मॉडेलिंग लॅम्प (उजेड कसा पडेल ते दाखवणारा बल्ब) काढून ठेवलाय. उजवा हेड अजून चालतो. जूनपासून तो कपाटात असतो, ओल धरू नये म्हणून बाजूला ४० वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळतो आणि दर सोमवारी मी तो बाहेर काढून दहा वेळा उडवतो. आता माझी पोरगी हसते.