जुनी डिझेल लक्झरी एसयूव्ही घेण्याआधी

भावा, बजेटमध्ये जुनी ऑडी क्यू७ नाहीतर बीएमडब्ल्यू एक्स५ मिळतेय म्हणून लगेच टोकन देऊ नकोस. गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही, म्हणून पहिल्या वर्षासाठी निदान दोन-तीन लाख बाजूला ठेव, तेवढे नसतील तर सरळ फॉर्च्युनर बघ.

दिल्ली पासिंगची स्वस्त दिसते कारण २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी कायम केली, त्यामुळे लोक काढून टाकायला लागले. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा धरल्या की फरक बराच कमी होतो.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांग की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघ, गार पाहिजे. थंड स्टार्टला इंजिनातल्या टायमिंग चेनचा (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) खडखडाट आला तर तसाच माघारी फिर, कारण बऱ्याच जर्मन डिझेल इंजिनांत ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते, ती बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीच डोळे पांढरे करते. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी) असेल तर रात्रभर उभी राहून गाडी एका कोपऱ्याला बसलीय का तेही बघ.

आणि तुझं रनिंग रोज पाच-सहा किलोमीटर सिटीतलंच असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायला लागणारी उष्णताच मिळत नाही, तो चोक होणारच, मग डिझेलचा हट्ट सोड, मनापासून सांगतोय. हायवे असेल तर बिनधास्त घे, फक्त आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट दाखवणारं मशीन) लावून घे.