मुलांचे फॉर्म भरायला अमेरिकेत पदवी?

प्रश्न : ताई, मी संगमनेरजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. वय २९, एम.एस्सी. झालंय, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा ‘नेट’ नाही. कागदावर मी फक्त तासिकांपुरती, पण विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांची निम्मी कामं माझ्याच टेबलावर येतात : ‘कमवा आणि शिका’ची हजेरी, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अडकलेले शिष्यवृत्तीचे अर्ज, रॅगिंगविरोधी समितीचं इतिवृत्त, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वेळी विद्यार्थी साहाय्याचा पाचवा निकष. खरं सांगते, मला शिकवण्यापेक्षा हेच आवडतं. अमेरिकेत यातच मास्टर्स करता येतं म्हणे, ‘हायर एज्युकेशन लीडरशिप अँड स्टुडंट अफेअर्स’, म्हणजे उच्च शिक्षणाचं नेतृत्व आणि विद्यार्थी व्यवहार. एजंट म्हणतो, चाळीस लाखांचं कर्ज काढा, दोन वर्षांत फिटेल. वडील म्हणतात, मुलांचे फॉर्म भरायला कोणी अमेरिकेत शिकायला जातं का? सोबत प्रवेशअर्जाला जोडायच्या उद्देशपत्राचा मसुदा पाठवते आहे. जाऊ का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : आधी वडिलांचं बघू, कारण एजंटापेक्षा त्यांचा प्रश्न सरळ आहे. हो, जातात. या कामासाठी शिक्षण लागतं, हे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच ठरलं. कॉलेजात मुली येऊ लागल्या तेव्हा त्यांच्याकडे बघायला ‘डीन ऑफ विमेन’ नेमल्या गेल्या. त्यांना तयार करणारा अभ्यासक्रम कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात १९१६ साली सुरू झाला. मुलांच्या डीनांनी १९१९ साली आपली संघटना काढली, तीच आजची नास्पा, विद्यार्थी व्यवहार सांभाळणाऱ्यांची संघटना. विद्यार्थ्याचे मार्क तेवढे बघायचे नाहीत, त्याची तब्येत, पैसा, राहणं, नोकरी हीही विद्यापीठाची जबाबदारी, असं अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ साली लेखी मांडलं. हे वडिलांना वाचून दाखवा. त्यांना पटेलच असं नाही.

आता तुमच्याकडे वळते. नावातल्या ‘लीडरशिप’ला भुलू नका. पदवी घेऊन कोणी कुलगुरू होत नाही. पहिली नोकरी बहुधा वसतिगृहात, नाहीतर सल्ला-मार्गदर्शनाच्या खिडकीत. मी ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात हॉल डायरेक्टर, म्हणजे वसतिगृहप्रमुख, म्हणून लागले. राहायला त्याच इमारतीत फ्लॅट, आणि रात्री-बेरात्री फोन. कोणी दारू पिऊन जिन्यात पडलाय, कोणाचं रूममेटशी वाजलंय, कोणाच्या घरी मृत्यू झालाय. एकदा रात्री एक वाजता धुराचा अलार्म झाला आणि अख्खी इमारत बर्फात उभी राहिली. कारण निघालं आपल्याच दोन मुलांनी दिलेली लसणाची फोडणी. अग्निशमनवाल्यांना ‘फोडणी’ समजावून सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर पुढे वाचा. अंगावर काटा आला असेल तर एम.एस्सी.च्या जोरावर नेटची तयारी करा, तोही चांगला मार्ग आहे.

वर्गात काय शिकवतात? तरुण वयात माणूस कसा घडतो याबद्दलची मांडणी (चिकरिंग या अभ्यासकाची १९६९ची अजूनही पहिल्याच सत्रात येते), मुलं कॉलेज अर्धवट का सोडतात यावरचं टिंटो या संशोधकाचं काम, कायदा, अंदाजपत्रक, मूल्यमापन. चांगलं असतं. पण निम्मं शिक्षण वर्गाबाहेर होतं आणि त्याचं नाव असिस्टंटशिप. आठवड्याला साधारण २० तास विद्यापीठाच्या एखाद्या कार्यालयात काम करायचं. बदल्यात फी माफ किंवा बरीच कमी, वर महिन्याचा भत्ता. वसतिगृहातली असिस्टंटशिप असेल तर बहुतेक वेळा खोली आणि जेवणही. इंडियाना, बोलिंग ग्रीन यांसारख्या नावाजलेल्या ठिकाणचं दोन वर्षांचं शिक्षण असल्या कामाभोवतीच रचलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर एका अटीवर आहे : असिस्टंटशिप मिळाली तर जा, नाही मिळाली तर जाऊ नका. चाळीस लाख दोन वर्षांत फिटतात ते संगणकवाल्यांचे, तेही सगळ्यांचे नाही. आपल्या क्षेत्रात सुरुवातीचे पगार बेताचे असतात. आणि ‘तिथे गेल्यावर लायब्ररीत काम करीन’ हा हिशेब धरू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि तेवढे तास असिस्टंटशिपच घेते. अर्ज डिसेंबर-जानेवारीत, असिस्टंटशिपच्या मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला होकार देण्याची तारीख बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिल असते. एजंट त्याआधीच सही मागू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

शिकून झाल्यावर? ही पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही, त्यामुळे ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, वरची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे, म्हणजे सोडतीची धास्ती नाही. पण वसतिगृहातल्या सुरुवातीच्या पदांसाठी कित्येक विद्यापीठं व्हिसा पुरस्कृत करतच नाहीत, आणि जाहिरातीत तसं छापतातही. त्यातून सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा भार पडला. तेव्हा घरी परतून मग तिकडची नोकरी शोधण्याचा बेत धरू नका. शिवाय टेक्साससारख्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं कायद्याने बंद केली, ओहायोनेही २०२५ साली तोच रस्ता धरला. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांची पहिली खुर्ची तिथेच असायची.

एक दार मात्र तुमच्यासाठी नीट उघडं दिसतं. अमेरिकेत शिकायला मिळणाऱ्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांच्या यादीत उच्च शिक्षण प्रशासन हा विषय येत आलाय. फी, विमानभाडं, राहण्याखाण्याचा खर्च त्यात बसतो, आणि संपल्यावर भारतात परतावं लागतं. तुमचा कल पाहता ही अट अडचणीची नसावी. त्यासाठी किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ, पगारी अनुभव मागतात. तासिका तत्त्वावरचं काम पूर्णवेळ धरतील का, हे अर्जाआधी फेलोशिप चालवणाऱ्या यूएसआयईएफला ईमेलने विचारून घ्या. प्राचार्यांकडून विद्यार्थी विकासाच्या कामाचं तारखांसह पत्र आजच मागा. ते बदलून गेले की नव्यांना तुम्ही कोण हेही माहीत नसेल.

उद्देशपत्र वाचलं. त्यातलं एक वाक्य काढाच : ‘मी विद्यार्थ्यांना पोटच्या मुलांसारखं वागवते आणि वेळप्रसंगी आईच्या हक्काने शिस्त लावते.’ इथे संगमनेरात हे वाचून कोणाचेही डोळे पाणावतील. तिकडच्या निवड समितीच्या कपाळावर आठ्या पडतील. कॉलेज म्हणजे पालकाच्या जागी, ही समजूत तिथेही होती. १९६० साली अलाबामा स्टेट कॉलेजातल्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीत गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात बसून सत्याग्रह केला आणि कॉलेजने त्यांना बाजू मांडू न देता काढून टाकलं. १९६१ साली ‘डिक्सन’ खटल्यात संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही, आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका. त्या निकालापासून विद्यार्थी हा हक्क असलेला प्रौढ नागरिक ठरत गेला. रॅगिंगविरोधी समितीत तुम्ही आरोप झालेल्या मुलाचं म्हणणं नोंदवून घ्यायचा आग्रह धरलात, असं मसुद्याच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत आहे. ती ओळ पहिल्या पानावर आणा आणि त्यावर अर्धं पान लिहा.

आणि आपल्याकडे हे काम नव्हतंच असा सूर लावू नका. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं. भाऊराव पाटलांच्या १९२४च्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत होती. ज्या योजनेची हजेरी तुम्ही घेता तिला कर्मवीरांचंच नाव आहे, तरी तुमच्या चार पानांत ते कुठेच नाही. मी साताऱ्याची आहे, त्यामुळे हे जरा जास्तच खटकलं.

परत आल्यावर इथे या पदवीची थेट जागा आहे का? आपल्या जाहिरातींत ती अर्हता म्हणून लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. आयआयटीतही विद्यार्थी व्यवहारांचा डीन म्हणजे काही वर्षांसाठी कार्यभार घेतलेला प्राध्यापकच. पण यूजीसीच्या २०२३च्या नियमांनी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल बंधनकारक केलेत, आणि खासगी विद्यापीठांना ते चालवणारी माणसं लागतायत. अमेरिकेचं नाहीच जमलं तर दिल्लीच्या नीपा या राष्ट्रीय संस्थेची शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची पदविका बघा, खर्च झेपणारा आहे.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. फी आम्ही भरतो, पण विद्यापीठ आम्हाला तिचे मार्क सांगत नाही. मुलगी हल्ली फोनही उचलत नाही. काय करावं? – एक आई, ठाणे

उत्तर : मार्क न सांगणं हा उर्मटपणा नव्हे, विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा १९७४चा फेर्पा कायदा आहे. कॉलेजात गेल्यावर नोंदींवरचा हक्क मुलाचा होतो, पैसे कोणीही भरो. मुलीने संमतीचा फॉर्म भरला तरच मार्क मिळतील, आणि तो तिच्याकडे मागताना भांडू नका.

फोन न उचलणं मात्र वेगळं. तिच्या विद्यापीठाच्या डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयात फोन करा. ते तुम्हाला फारसं सांगू शकणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. ‘मला काही विचारायचं नाही, मुलीची काळजी वाटते, कोणी तरी तिला भेटून याल का,’ एवढंच म्हणा, ते माणूस पाठवतात. पासपोर्टवरचं नाव, वसतिगृहाचं नाव आणि शेवटचं बोलणं कधी झालं, हे जवळ ठेवा. कार्यालय तिकडे सकाळी उघडतं तेव्हा ठाण्यात संध्याकाळ किंवा रात्र असते. तोवर थांबवणार नाही इतकी भीती वाटत असेल तर कॅम्पस पोलिसांचा नंबर चोवीस तास चालू असतो.