पहिल्या पावसाची हिरवळ आणि माझी चूक

शेळ्यामेंढ्यांसाठी राखलेल्या आपल्या वीस बिघे माळावर दुसऱ्याच वर्षी धामण हे चाऱ्याचे गवत फुटेना आणि जिकडेतिकडे तरोट्याचे (टाकळ्याचे) तण माजले, असे आपण लिहिले आहे. ते वाचताना मला ग्वाल्हेरजवळचा माझाच जुना माळ दिसला. लसी, जंताचे औषध आणि गोठा यांची काळजी आपण घेतच असाल, म्हणून त्यावर लिहीत नाही.

मी जुलैत चुकलो. अनुदान देणाऱ्या कार्यालयाचा हट्ट होता की सगळी जनावरे पावसाळ्याच्या तोंडावर एकदमच घ्यावीत, म्हणजे चाऱ्याचा खर्च वाचेल. मी चाळीस शेळ्यामेंढ्या आणल्या आणि पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात बोटभर हिरवळीवर सोडल्या. बहुवर्षायू गवताचा पहिला फुटवा मुळांतल्या साठ्यावर येतो. तोच पुन्हापुन्हा खुडला गेला की मुळे खंगतात, आणि मेंढी तर अगदी जमिनीलगत चरते. ऑगस्टमध्ये धामणीचा ठोंब सहज ओढून पाहिला, तो मुळासकट हातात आला. तक्रार घेऊन गेलो तेव्हा फायलीत कुरण 'उत्तम' असल्याचे दाखवण्यात आले. माळावर मात्र त्यांच्यापैकी कोणीही कधी फिरकले नव्हते. असो.

मी पशुवैद्य नाही आणि आपली जमीन वेगळी असू शकते, तरीही माझे मत ठाम आहे: माळाचे चार भाग करावेत, त्यांतला एक भाग दरवर्षी आळीपाळीने बी गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, आणि उरलेल्या भागांत गवत वीतभर झाल्यावरच कळप सोडून चार बोटे उरताच तो हलवावा. जंतांच्या अळ्या बहुतांशी गवताच्या बुडख्याशी असतात, त्यामुळे हा दुहेरी लाभ आहे. गवत वीतभर होईपर्यंतचे तीनचार आठवडे एप्रिलमध्येच साठवलेल्या हरभऱ्याच्या भुशावर आणि बोर, छोंकर (शमी) यांच्या पाल्यावर काढावेत. भुसा पुरणार नसेल तर जास्तीचे बोकड आधीच विकावेत; याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही.

विलायती बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, परंतु त्या दळूनच द्याव्यात, कारण अख्खे बी लेंडीतून पडून रुजते. गवताच्या बियाण्यासाठी झाशीच्या चारा संशोधन संस्थेत (स्थापना १९६२) चौकशी करावी. ग्वाल्हेरहून ती फार लांब नाही.

माझ्या बंद ठेवलेल्या भागात तिसऱ्या पावसाळ्यात धामण परतली. फाटकापाशी, जिथे कळप रोज तुडवतो, तिथे आजही तरोटाच आहे.